ओव्हरफ्लोची नळी पुन्हा गळतेय? आधी पाना खाली ठेवा

माशांची चार फुटी टाकी, खाली कपाटात सम्प (फिल्टरची दुसरी टाकी), आणि टाकीच्या तळातून सम्पमध्ये उतरणारी एक इंची नळी. या नळीचा वरचा जोड दीड वर्षात माझ्याकडे चार वेळा गळला. पहिल्या तीन वेळा मी तो ‘दुरुस्त’ केला, दोन-अडीच महिने सगळं कोरडं राहिलं, आणि मग एका सकाळी कपाटाच्या तळाचा प्लाय पुन्हा ओला. चौथ्या वेळी खरं कारण सापडलं. त्याला आता अकरा महिने झाले.

पहिल्या गळतीचा पत्ता मला लागलाच नव्हता. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठलं. “अरे, आमच्या हॉलच्या कोपऱ्यात ओल आलीय. तुझे मासे बरे आहेत ना?” मी चाटच पडलो. टाकीतलं पाणी थोडं लवकर कमी होत होतं हे खरं, पण एप्रिल महिना होता, वरचं झाकण उघडं, पाणी उडत असेल म्हणून मी रोज तांब्याने भर घालत होतो. नंतर हिशेब केला. साधारण वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं. दहा सेकंदांना एक थेंब पडत असेल तर दिवसाला जवळपास ४३० मिलिलिटर पाणी जातं. एवढं पाणी उन्हाळ्यात सहज उडतं, म्हणून संशय येत नाही. सेकंदाला एक थेंब असेल तर मात्र तेच सव्वाचार लिटर होतं, आणि मग काकूंना जिन्यात थांबायची गरज पडत नाही, त्या थेट बेलच वाजवतात.

ज्यांच्याकडे ही रचना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टाकीच्या कोपऱ्यात काचेचा उभा कप्पा असतो. पाणी त्याच्या दातेरी कडेवरून आत पडतं. कप्प्याच्या तळाला भोक, भोकात टँक निपल (काचेच्या आरपार नटाने बसणारा आट्यांचा जोड), निपलला खालून नोझल (नळी चढवायचं दातेरी तोंड), नोझलवर नळी, नळीवर क्लिप. आत निपलवर एक उभा पाईप असतो, म्हणजे कप्पा पूर्ण रिकामा होत नाही. सम्पमधला पंप पाणी परत वर पाठवतो. (आमच्या आईला ‘सम्प’ म्हटलं की एसटीचाच आठवतो. “बंद आहे” म्हटलं की विचारते, “मिटला का?”)

आधी लाईट बंद

माझं एक्स्टेन्शन बोर्ड कपाटाच्या तळावर आडवं पडलेलं होतं, थेंब पडायच्या जागेपासून वीतभर अंतरावर. आज ते आठवलं तरी पोटात गोळा येतो. कपाटात हात घालण्याआधी टाकीची सगळी बटणं बंद करा, पिना काढा. बोर्ड कपाटाच्या बाजूच्या भिंतीला, वर, स्क्रूने बसवा. प्रत्येक वायरीला पिनेच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या टोकाला गळून पडेल, प्लगमध्ये शिरणार नाही. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) नसेल तर टाकीच्या लाईनला तरी बसवून घ्या.

पंप बंद राहणार म्हणून माशांची काळजी वाटत असेल तर एअर पंपाचा एक दगड टाकीत आणि एक सम्पमध्ये, फिल्टर मीडियाजवळ (पाणी स्वच्छ करणारे जिवाणू ज्यावर वाढतात त्या सामानाजवळ) सोडा. मीडियातले जिवाणूही हवेवरच जगतात हे आपण विसरतो. रात्र निघते. फक्त हा एअर पंप कोरड्या जागी, पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा.

थेंब जिथे पडतो तिथून गळत नसतो

गळणारं पाणी सरळ खाली पडत नाही. ते नळीच्या अंगावरून घरंगळत जातं आणि जिथे नळी वाकते त्या सर्वांत खालच्या बिंदूवरून टपकतं. पहिल्या वेळी मी नळीच्या मधल्या बाकापाशी चीर शोधत बसलो होतो. नळी धडधाकट होती.

त्यामुळे आधी सगळं कोरडं करा. निपलचा नट, नोझल, क्लिपा, नळी, कपाटाची मागची फळी, सगळं जुन्या बनियनने पुसा. मग नट ते नळीचा पहिला वीतभर भाग एवढ्यावर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवा. पंप सुरू करा आणि टॉर्च घेऊन बसा. पावडरमध्ये पाण्याची वाट ओली रेघ होऊन दिसते आणि ती रेघ जिथून सुरू होते ती खरी जागा. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांना पावडरही लागणार नाही, कारण जुन्या गळतीने आधीच पांढरी क्षाराची रेघ काढून ठेवलेली असते. खाऱ्या पाण्याच्या टाकीवाल्यांना तर मिठाची अख्खी पापडीच दिसते.

मग दुसरी चाचणी. पंप बंद करा आणि अर्धा तास थांबा. कप्प्यातलं पाणी उभ्या पाईपाच्या तोंडापर्यंत येऊन थांबतं, म्हणजे टँक निपलवर पाणी उभंच राहतं. नळी मात्र रिकामी होते. आता सगळं पुन्हा पुसा आणि नटाभोवती टिश्यू पेपर गुंडाळा. टिश्यू ओला होत राहिला तर दोष निपलच्या वायसरमध्ये. कोरडा राहिला आणि पंप सुरू केल्यावरच ओल आली तर दोष नोझल किंवा नळीच्या जोडात. हे न करता निपल सोडवायला घेतलात तर चांगला बसलेला वायसर हलवून ठेवाल आणि एकाच्या दोन गळत्या होतील.

दोन्हीकडे कोरडं असूनही खाली पाणी दिसलं तर पंपाकडून वर जाणारी नळी बघा. तिच्यात पंपाचा खरा दाब असतो, आणि तिचा थेंबसुद्धा वायरीवरून चालत भलतीकडे जातो.

दाब नाहीच, मग आवळताय कशाला?

ही गोष्ट मला कुणी पहिल्याच दिवशी सांगितली असती तर बरं झालं असतं. ओव्हरफ्लोच्या नळीत पाणी पंप ढकलत नाही, ते आपल्या वजनाने पडतं. माझ्या टाकीत निपल ते सम्प हे अंतर ७५ सेंटिमीटर आहे. दहा मीटर पाण्याच्या उंचीला साधारण एक बार दाब येतो, म्हणजे ही नळी काठोकाठ भरली, खालचं तोंड बंद झालं तरी खालच्या टोकाला दाब ०.०७५ बार. जोड तर नळीच्या वरच्या टोकाला आहे, तिथे नळीतल्या पाण्याचा भार जवळजवळ काहीच नाही. चार मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचा तळमजल्याच्या नळावर येणारा दाब याच्या कितीतरी पट असतो, आणि तिथली बागेची नळी आपण साध्या क्लिपेवर वर्षानुवर्षं चालवतो.

एवढ्या कमी दाबाचा जोड गळत असेल तर तो ढिला आहे म्हणून गळण्याची शक्यता कमीच. एक तर पाण्याला कुठेतरी सलग वाट मिळाली आहे, नाहीतर काहीतरी त्या जोडाला ओढतंय, हलवतंय. यातलं काहीही पाना फिरवून जात नाही. उलट बिघडतं. पारदर्शक पीव्हीसी नळी मऊ राहते ती तिच्यात मिसळलेल्या द्रव्यामुळे. ते द्रव्य हळूहळू निघून जातं आणि नळी पिवळट, कडक होते. क्लिपेखाली दबलेला भाग तर दबलेलाच राहतो, परत फुगून क्लिपेला भिडत नाही. आपण क्लिप आणखी आवळतो, तो भाग आणखी दबतो, दोन महिने गळती थांबते, पुन्हा सुरू होते. शेवटी पट्टीच्या खाचा नळीत रुततात आणि प्लास्टिकचं नोझल आतल्या आत अंडाकृती होतं. स्क्रूच्या क्लिपेची पट्टी स्क्रूच्या घराखाली तशीही पूर्ण गोल नसते, थोडी सपाट असते. जास्त आवळलं की ती सपाट जागा ठळक होते.

माझे तीन उपाय याच जातीचे होते. पहिल्यांदा क्लिप आवळली. दुसऱ्यांदा आणखी एक क्लिप लावली आणि वरून मळून लावायची इपॉक्सी थापली. इपॉक्सी दगडासारखी झाली खरी, पण नळी मऊ आणि हलणारी. दोघींचं जमलं नाही, कडेने सुटली. तिसऱ्यांदा सिलिकॉन. सिलिकॉन काचेला जन्माचं चिकटतं, पण पीव्हीसीच्या नळीवर त्याचा पकड म्हणून उपयोग शून्य. महिन्याभरात बोटाने ओढलं तर मोज्यासारखं सालटं निघून आलं.

नखाला लागलेली रेघ

चौथ्यांदा जोड उघडला तेव्हा रविवार दुपार होती आणि घाई नव्हती. नळी कापून काढली, नोझल निपलमधून सोडवलं, धुतलं आणि खिडकीपाशी धरलं. दाते ठीक, तडा नाही. सवयीने त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं तर एका जागी नख अडलं. नीट बघितलं. प्लास्टिकचं नोझल दोन अर्ध्या साच्यांत ओततात, ते साचे जिथे मिळतात तिथे दोन्ही बाजूंना एक बारीक उंच कड राहते. माझ्या नोझलवर ती कड टोकापासून थेट बुडापर्यंत, प्रत्येक दात ओलांडून गेली होती. नळी त्या कडेवर ताणून बसली की कडेच्या दोन्ही अंगांना केसाएवढी पन्हळ राहते. पाण्याला आणखी काय हवं? नवी मऊ नळी ती पन्हळ दाबून टाकते, म्हणून नवेपणी गळत नाही. नळी कडक झाली की पन्हळ उघडते. माझे दोन-अडीच महिने त्यातूनच आले होते. आवळल्यावर तेवढ्यापुरती पन्हळ दबायची आणि पुन्हा उघडायची.

पॉलिश पेपरचा तुकडा, ४०० नंबरचा, पाण्यात भिजवून कड घासली. दाते घासायचे नाहीत, फक्त कड. नख सरळ फिरेपर्यंत. दहा मिनिटांचं काम. नोझल दहा-वीस रुपयांचं, म्हणून खरं तर नवीनच आणायचं, पण दुकानात उभं राहून सगळ्यांवर नख फिरवून बघायचं. दुकानदार “काय बघताय मालक, सोनं आहे का?” म्हणतो. म्हणू द्या.

कडेइतकाच दुसरा गुन्हेगार त्याच दुपारी सापडला. पहिल्यांदा नळी लावताना मी ती वीतभर जास्त ठेवली होती. आपली नेहमीची सवय, “राहू दे, उपयोगी पडेल.” त्या जास्तीच्या लांबीचा मधे झोळ झाला होता. झोळात पाणी साचतं, त्याच्या वर हवा अडकते, पाणी चढतं, मग एकदम हवा आणि पाणी गडगड करत खाली जातं. टाकीचा तो ‘गुळूक गुळूक’ आवाज मी वर्षभर कौतुकाने ऐकत होतो. प्रत्येक उचकीला नळी जोडापाशी हलायची. बोट ठेवल्यावर कळलं. एक इंची नळीत मीटरला अर्धा लिटर पाणी मावतं, म्हणजे उचकी लागली की तेवढं वजन नोझलवर एका बाजूने झोके घेतंय.

नळीचं सम्पमधलं तोंडही खूप खोल बुडलेलं होतं. ते पाण्याखाली दोन-तीन सेंटिमीटरच हवं. जास्त खोल गेलं की हवेला बाहेर पडायला जागा राहत नाही, उचक्या वाढतात.

बसवताना

नळी काटकोनात कापा, तिरकी नको. बारीक दात्यांच्या ब्लेडपेक्षा नवा कटर बरा, कारण ब्लेडने कडेला फाटे फुटतात. लांबी अशी घ्या की नोझलपासून सम्पपर्यंत नळी सतत खालीच उतरेल, कुठेही पुन्हा वर चढणार नाही. जुन्या नळीचं टोक परत वापरायचं असेल तर दबलेला भाग पूर्ण कापून टाका. माझ्या मते दोन वर्षांच्या नळीवर ही काटकसर करू नये.

नळीचं टोक चहाच्या पाण्याइतक्या गरम पाण्यात मिनिटभर धरा. गॅसच्या ज्योतीवर किंवा लायटरने तापवू नका, एका बाजूने पातळ होते. तेल, ग्रीस, भांड्याचा साबण काही लावू नका, शेवटी ते माशांच्या पाण्यात जाणार. मऊ झालेली नळी ओल्या नोझलवर सरळ ढकला, पिळत पिळत नाही, थेट बुडापर्यंत. बसवताना थोडा जोर लागलाच पाहिजे. हाताने सरकन गेली तर माप चुकलं आहे, आणि ते क्लिपेने भरून निघत नाही.

क्लिप शेवटच्या दात्याच्या मागे, नळीच्या टोकापासून पाच-सहा मिलिमीटर आत यावी. अगदी कडेला लावलेली क्लिप घसरते, दात्याच्या टोकावर लावलेली नळी कापते. दोन क्लिपा लावणार असाल तर त्यांचे स्क्रू समोरासमोरच्या बाजूंना ठेवा, म्हणजे दोघींच्या सपाट जागा एका रेषेत येत नाहीत. स्क्रू ड्रायव्हरने आवळा, पान्याने नको, आणि नळी पट्टीच्या कडेने फुगायला लागली की थांबा. मग दोन दिवसांनी एकदा, नळी बसल्यावर, पाव फेरा. त्यानंतर हात लावू नका.

निपल आणि नोझलमधल्या आट्यांना टेफ्लॉन टेप चार-पाच वेढे, आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने. उलट गुंडाळली तर नोझल फिरवताना टेप गोळा होऊन बाहेर येते. दहा-बारा वेढे देणाऱ्यांना वाटतं जास्त म्हणजे घट्ट, पण जाड टेपने बाहेरचा प्लास्टिकचा आटा फाटतो, आणि ती फाट आठवड्याने उघडते.

शेवटी नळीला आधार. कपाटाच्या मागच्या फळीला नोझलच्या खाली साधारण वीतभरावर एक सॅडल (नळी धरून ठेवणारी पट्टी) ठोकलं. आता नळीचं वजन फळीवर आहे, नोझलवर नाही. मला वाटतं कड घासण्याएवढाच या सॅडलचाही वाटा आहे.

दुकानात गेल्यावर

टँक निपललाच इंग्रजीत ‘बल्कहेड’ म्हणतात, पण पुण्याच्या बोहरी आळीत ‘बल्कहेड’ म्हणून काही मिळत नाही, ‘टँक निपल’च म्हणा. गच्चीवरच्या टाक्यांना लागतो तोच. नळी सुतात विकली जाते आणि आठ सूत म्हणजे एक इंच, पण ‘एक इंच’ या शब्दावर विसंबू नका. इंची नोझल २५.४ मिलिमीटरचं, नळी कधी २५ ची, कधी त्याहून सैल. कडक पाईपात तर गोंधळ आणखी मोठा. शेतीच्या पीव्हीसी पाईपाचा एक इंच म्हणजे बाहेरून ३२ मिलिमीटर, प्लंबिंगच्या यूपीव्हीसीचा ३३.४, गरम पाण्याच्या सीपीव्हीसीचा २८.६. एकाचा एल्बो दुसऱ्यात ‘जरा सोल्युशन (पाईप चिकटवायचा द्रव) जास्त लावून’ बसवणारे प्लंबर मी पाहिले आहेत. तुम्ही तसं करू नका, नोझल खिशात घेऊन जा आणि नळीचा तुकडा त्यावर बसवूनच विकत घ्या.

आटेही बघा. आपल्याकडचे आटे साधारण बीएसपी या ब्रिटिश मापाचे, बाहेरून मागवलेल्या अमेरिकन वस्तूंचे एनपीटी या तिकडच्या मापाचे. अर्ध्या आणि पाऊण इंचात दोन्हींचे इंचाला १४ आटे असल्याने ते फसवून बसतात. कोन मात्र एकाचा ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०, त्यामुळे पाझरतात. एक इंचात एकाचे ११ आणि दुसऱ्याचे साडेअकरा, तिथे दोन-तीन फेऱ्यांतच अडतं.

पितळी नोझल मजबूत दिसतं, पण घेऊ नका. पितळात तांबं असतं आणि श्रिंप-गोगलगायींना तांब्याचं वावडं. क्लिपेच्या स्क्रूला चुंबक लावून बघा. पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या लोखंडाचा, वर चकचकीत मुलामा, असा प्रकार सर्रास असतो. चुंबक घट्ट चिकटला तर तो स्क्रू कपाटातल्या दमटपणात बहुतेक गंजणार.

वायसरच निघाला तर

टिश्यू चाचणीत निपल सापडला तर काम मोठं आहे, कप्पा पूर्ण उपसावा लागतो, पण अवघड नाही. निपलचं डोकं आतल्या, पाण्याच्या बाजूला, आणि वायसर डोकं व काच यांच्या मधे. तो चुकून नटाच्या बाजूला लावला असेल तर पाणी डोक्याखालून भोकात आणि भोकातून आट्यांवरून चालत खाली येतं, कितीही आवळा. भोकाभोवतीच्या काचेवर जुन्या सिलिकॉनचे कण असतील तर ब्लेडने साफ खरवडा. काचेला भोकाच्या कडेपासून निघालेला बारीकसा तडा दिसला तर तिथेच थांबा, टाकी रिकामी करा. वायसर कडक किंवा चपटा झाला असेल तर बदला, त्यावर सिलिकॉन फासू नका. वंगणासारखं सिलिकॉन लागलं की वायसर आवळताना बाहेर सरकतो. नट हाताने बसेल तेवढा, मग पाव फेरा. काही निपलांच्या नटाचे आटे उलटे असतात, सुटत नसेल तर जोर लावण्याआधी दुसऱ्या दिशेने फिरवून बघा.

सगळं जोडून झाल्यावर मी कपाटात खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि पंप सुरू केला. पहिले दोन तास दर वीस मिनिटांनी, मग रोज सकाळी दूध घ्यायला उठलो की. कागदावर एक थेंब पडला तरी सुरकुती राहते, वाळल्यावरही, त्यामुळे रात्री काय झालं ते सकाळी वाचता येतं. वर्तमानपत्र आजही तिथे आहे, फक्त महिन्याला बदलतो. नळीवर काळ्या मार्करने बसवल्याची तारीख लिहिली आहे, तिला दोन वर्षं झाली की दाबून बघायचं. कडक लागली तर बदलायची, गळायची वाट न बघता. गुळूक गुळूक आवाज बंद झाला. पहिले काही दिवस टाकी बंद पडली की काय म्हणून मी रात्रीतून दोनदा उठून बघितलं.